पाचावरचा ठिपका

सातेरी पाखरेंचा एसटीडी बूथ होता, गोवावेसला.
पिवळी पेटी, आत एक स्टूल, भिंतीला टांगलेला मीटर.
गिऱ्हाइकानं आकडे बोलायचे, त्यांनी दाबायचे,
न बघता. बघायचा प्रश्नच नव्हता, जन्मापासून.

पाचाच्या बटणावर बारीक ठिपका असतो
हे मला त्यांनी सांगितलं.
मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो
आणि रोज बोटाखाली येणारा तो ठिपका मला माहीत नव्हता.
‘पाच घावला की झालं,’ म्हणाले,
‘बाकीचे आपापल्या जाग्यावर असतात.’

मग खिशाखिशात फोन आले. मग सपाट काच आली.
बूथच्या जागी आता मोबाईलची कव्हरं विकतात.

मी पुण्यात. कर्ज देणारं अ‍ॅप.
माझ्या वाट्याला दोन बटणं आली होती:
‘होय’ हिरवं, अंगठ्याएवढं,
‘नको’ राखाडी, पांढऱ्यावर राखाडी,
सकाळच्या धुक्यात बगळा उभा असावा तसं.
तो रंग मी निवडला. सुंदर दिसायचा.
त्या तिमाहीत मला चाकांची बॅग बक्षीस मिळाली.

हुक्केरीच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईची तक्रार आली.
तिच्या फोनमधल्या सगळ्यांना वसुलीचे फोन गेले होते,
ब्लाउज टाकलेल्या बायकांनासुद्धा.
मी शेरा मारला: ‘अ‍ॅप अपेक्षेप्रमाणे चालते.’
तक्रार बंद.
नोकरी लगेच सोडली नाही. फ्लॅटचा हप्ता होता.
अकरा महिने राहिलो.
बॅग अजून वापरतो, चाकं चांगली आहेत.

आता शहापुरात, साड्यांच्या दुकानावर, आम्ही तिघं.
बसचं अ‍ॅप. कुठली बस, कधी, कुठल्या थांब्यावर.
पाखरेंना तपासायला बोलावलं.
फी ठरवली त्यांनीच: मिनिटावर.
काचेवर बोट फिरवलं, फोन बोलू लागला:
बटण. नाव नाही.
बटण. नाव नाही.
बटण. नाव नाही. बटण.
‘केवढी बिनबारशाची पोरं घातलास रे आत!’

त्या रात्री बारशी करत बसलो.
परत. पुढची बस. थांबा बदला.
आणि एक नको,
काळंभोर, होयच्या शेजारी, होयएवढंच.

आधी कुठली भाषा, यावर मीटिंगा झाल्या.
दोन साहेब, दोन चहा, मग दोन साहेब बोलेनात.
पाखरेंना विचारलं.
बेळगावात पाटी कुठल्या लिपीत आहे
याची फिकीर नसलेला हा एकटाच माणूस.
म्हणाले, ‘मी चढताना कन्नड बोलतो, उतरताना मराठी,
सुट्टे मागताना दोन्ही.
माणसाला मधेच बदलता येऊ दे की.
खरं फोननं मराठी वाचताना
पाहुण्यासारखं वाचू नये.’

तो अजून थोडा पाहुण्यासारखाच वाचतो.
‘अनगोळ’ला अडखळतो. आमच्या हातात नाही ते,
निम्मं तरी नाही.

पण एक केलंय.
आकड्यांच्या पानावर बोट पाचावर आलं
की फोन थरथरतो, बारीक,
मूठभर चिमणी श्वास घेते तेवढंच.
दाखवायला नेलं तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.
एकानं विचारलं, यात नवीन काय?

पाखरेंचा अंगठा सरकत आला आणि थांबला.
पुन्हा मागे गेला. पुन्हा आला.
काही बोलले नाहीत.
मग भराभरा दाबला एक नंबर, बूथचा, त्यांचा स्वतःचा,
आणि फोन कानाला लावून ऐकत राहिले
तो नंबर अस्तित्वात नाही,
आधी कन्नडमध्ये, मग इंग्रजीत,
शेवटपर्यंत.

फोन टेबलावर ठेवला. हात पुढे केला.
‘बारा मिनिटं झाली. सुट्टे दे.’